प्रस्फुरक द्रव आणि विद्रावकाची निवड

न्यूट्रिनोच्या शोधाचा इतिहास सांगताना रीन्स आणि कोवन यांची नावे आदराने घेतली जातात. ज्या द्रवाने त्यांना तो कण दाखविला त्याचा विचार मात्र क्वचितच होतो. भारित कण आत शिरताच क्षीण प्रकाश देणारा हा प्रस्फुरक द्रव जवळजवळ सर्वस्वी विद्रावकच असतो. प्रकाश देणारे द्रव्य त्यात लिटरमागे काही ग्रॅम एवढेच विरघळविलेले असते. म्हणून उपकरणाचा धोका किती, हे विद्रावकावरून ठरते.

१९५३ साली हॅनफर्ड येथील अणुभट्टीपाशी ३०० लिटरांच्या टाकीत टोल्यूईनयुक्त द्रव भरला होता. टोल्यूईनची वाफ सुमारे ४ अंश सेल्सिअसलाच ठिणगीने पेट घेते. १९५६ च्या सव्हाना रिव्हर येथील प्रयोगात ट्रायएथिलबेंझीन आले आणि द्रवाचे मान ४,२०० लिटरांवर गेले. विद्रावकाची पारख मुख्यत्वे प्रकाश व पारदर्शकता यांवरूनच होत राहिली. पुढे स्यूडोक्यूमीन लोकप्रिय झाले ते याच गुणांमुळे. त्याचा प्रज्वलनांक सुमारे ४८ अंश, म्हणजे टोल्यूईनपेक्षा बरा. पण तो विषारी आहे आणि ॲक्रिलिकला अपाय करतो. जपानमधील कामलँड या प्रयोगात (२००२) १,००० टन द्रवापैकी ८० टक्के डोडेकेन व केवळ २० टक्के स्यूडोक्यूमीन होते.

याच वर्षी इटलीत प्रश्नाला निराळे वळण लागले. ग्रान सास्सो पर्वताखालील प्रयोगशाळेत बोरेक्सिनो या प्रयोगाची उभारणी चालू असता, १६ ऑगस्ट २००२ रोजी सुमारे ५० लिटर स्यूडोक्यूमीन सांडपाण्याच्या वाटेने बाहेरच्या ओढ्यात गेले. ज्या पर्वताचे पाणी आसपासची गावे पितात, त्याच्याच पोटात हे घडले. २००३ मध्ये न्यायालयीन आदेशाने संबंधित दालनाला टाळे लागले, द्रवाची सर्व कामे थांबली आणि सांडपाण्याची व्यवस्था नव्याने करावी लागली. बोरेक्सिनोचे निरीक्षण २००७ साली सुरू झाले, तेही स्यूडोक्यूमीनवरच. सूर्याच्या न्यूट्रिनोंविषयी या प्रयोगाने जे दिले त्याचे मोल मोठे आहे. म्हणून जुना विद्रावक अयोग्य होता असे सरसकट म्हणणे न्याय्य होणार नाही. पण पाण्याशी संबंध येईल अशा ठिकाणी तो वापरण्याची किंमत आता सर्वांना ठाऊक झाली होती.

पर्याय सापडला तो धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यात! लिनियर अल्किलबेंझीन हा डिटर्जंटचा कच्चा माल होय. तो स्वस्त, टनावारी मिळणारा, कमी विषारी असून त्याचा प्रज्वलनांक १३० अंशांच्या आसपास आहे. शिवाय तो ॲक्रिलिकला इजा करीत नाही. त्यामुळे कॅनडातील स्नो-प्लस या प्रयोगास जुन्या १२ मीटर व्यासाच्या ॲक्रिलिक गोलातच सुमारे ७८० टन द्रव भरता आला. अडचण राहते ती अशी की कारखान्यातला माल भौतिकीच्या दृष्टीने मुळीच शुद्ध नसतो. ऊर्ध्वपातन करून त्यातील किरणोत्सर्गी अंश काढावे लागतात. चीनमधील जूनो या प्रयोगाने २०२५ साली याच विद्रावकाच्या २०,००० टन द्रवासह निरीक्षणास प्रारंभ केला.