जासूस आणि जासूद

लहानपणी एकदा शेजारच्या दाराच्या फटीला डोळा लावून उभा होतो. आत भांडण चाललं होतं. मागून नानीनं कान धरला. "तजस्सुस नको कर बेटा, गुनाह है," म्हणाली. शब्द कळला नाही, कान मात्र बराच वेळ दुखत राहिला.

पुढे शब्दांचा नाद लागला तेव्हा कळलं, की तजस्सुस हा 'जासूस'चा सख्खा भाऊ. दोन्ही अरबी, मूळ एकच : 'जस्स', म्हणजे हातानं चाचपणं. हकीम नाडी पाहतो, त्यालाही हेच क्रियापद. बोटं मनगटावर ठेवायची आणि आतलं ओळखायचं. पण रोगी हात आपणहून पुढे करतो. ज्याच्यावर जासूस सोडलेला असतो, त्यानं हात पुढे केलेला नसतो. कुराणाच्या ४९व्या सूऱ्यातली १२वी आयत याच शब्दानं चोरून पाळत ठेवायला मनाई करते. नानीचा गुनाह तिथला.

फारसीच्या वाटेनं हा शब्द दख्खनेत आला आणि मराठीनं त्याचा 'जासूद' केला. शिवाजी महाराजांचे बहिर्जी नाईक सभासदाच्या बखरीत जासूद म्हणूनच येतात. पुढे पेशवाईच्या पत्रांत मात्र जासूद म्हणजे टपाल पोचवणारा. पुष्कळदा दोघं मिळून निघत, म्हणून 'जासूदजोडी'. हेराचा डाकवाला कसा झाला? मला वाटतं, चालणारा माणूस पत्राबरोबर वाटेवरचं पाहिलेलंही आणतोच : कुठं फौज उतरली, कुठला घाट मोकळा आहे. ऐकणारा दोन्ही ठेवून घेतो. हिंदी-उर्दूत जासूस हेरच राहिला. इब्ने सफींच्या 'जासूसी दुनिये'वर तर एक पिढी वाढली. आपला जासूद मोडीच्या रुमालांत पडून आहे, आणि त्याचं जुनं काम 'हेर' आणि 'पाळत' हे शब्द करतात.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमतानं दिला. चार वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, फोनमध्ये गुपचूप शिरणाऱ्या 'पेगॅसस'च्या बातम्या आल्या. आता फटीला डोळा लावायचीही गरज नाही, फट आपण खिशात घेऊन हिंडतो. त्या दिवसांत नानीनं सांगितलेली एक जुनी गोष्ट आठवली.

खलिफा उमर (राज्यकाळ इ.स. ६३४ ते ६४४) रात्री मदिनेत गस्त घालत. एका घरातून गाण्याचा आवाज आला, म्हणून भिंत चढून आत उतरले. माणूस दारू पीत होता. खलिफा रागावले. तो म्हणाला, "माझा गुन्हा एक, तुमचे तीन. तजस्सुस केलात, दार सोडून भिंतीवरून आलात, आणि सलाम न करता, न विचारता आत शिरलात." तिन्हींना कुराणात मनाई आहे. उमर गप्प झाले आणि त्याला सोडून निघाले.

परत कसे गेले, भिंतीवरून? मी विचारलं होतं.

"दारातून," नानी म्हणाली.