सुई न टोचता शरीरातलं आम्ल कसं बघायचं?

शर्टावर पडलेल्या वरणाच्या डागाला साबण लावला की पिवळा डाग लाल होतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. हळदीतला रेणू साबणातला अल्क ओळखतो आणि रंग बदलतो. आजची गोष्ट अशाच रेणूंची. फक्त यांना काम करायचंय ते शरीराच्या आत, जिथे रंग दिसतच नाही.

सुरुवात १९०९ साली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (हो, बिअरवालीच!) सोरेन्सन यांनी पीएचची मोजपट्टी मांडली. आपलं रक्त साधारण ७.३५ ते ७.४५ मध्ये राहतं. पुढे १९२०च्या दशकात ओटो वारबुर्ग यांना दिसलं, की कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही भरपूर लॅक्टिक आम्ल बनवतात. म्हणजे गाठीभोवती आम्लता वाढणार. ती मोजायची तर सुईसारखा इलेक्ट्रोड टोचायचा, आणि कळणार फक्त त्या एका जागेचं!

१९७३ मध्ये मून आणि रिचर्ड्स यांनी तांबड्या पेशींचा पीएच न टोचता मोजला. पेशीतल्या फॉस्फेटचा चुंबकीय संकेत आम्लतेनुसार सरकतो, तोच त्यांनी वाचला. योगायोग बघा, त्याच वर्षी लॉटरबर यांनी एमआरआयच्या पहिल्या प्रतिमा छापल्या. पण फॉस्फेटचा आवाज फार क्षीण, चित्र धूसर.

मग २००० साली वॉर्ड आणि बालाबान यांनी पाण्यालाच निरोप्या केलं. काही रेणू आपले हायड्रोजन पाण्याशी सतत अदलाबदल करतात आणि त्याचा वेग पीएचवर ठरतो. रेडिओ लहरीने त्या हायड्रोजनला गप्प केलं, की अदलाबदलीमुळे पाण्याचा संकेतही कमी होतो. तो किती घटला, यावरून पीएच काढायचा. एक्स-रे, सीटीसाठी आधीपासून वापरात असलेलं आयोपामिडॉलही या कामी आलं.

२००८ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी चक्क खायच्या सोड्यातलं बायकार्बोनेट घेतलं. त्यातल्या कार्बन-१३चा संकेत हजारो पटींनी वाढवून ते उंदरांना टोचलं. बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या प्रमाणावरून पीएचचा नकाशाच मिळाला. गाठ आजूबाजूपेक्षा आम्लधर्मी निघाली. अडचण एकच, हा वाढवलेला संकेत झपाट्याने विझतो.

हा खटाटोप कशाला? काही केमोथेरपीची औषधं आम्लात पेशीच्या आत नीट शिरतच नाहीत. आम्ल कुठे आहे ते आधी दिसलं, तर डॉक्टरांना औषध विचार करून निवडता येईल. रोजच्या तपासणीत हे अजून आलेलं नाही. पण शंभर वर्षांत आपण टोचणाऱ्या सुईपासून नकाशापर्यंत आलो, हे काही थोडं नाही.

पुन्हा डाग लाल झाला की ही गोष्ट आठवा. भेटू पुढच्या भागात!