अ‍ॅपमधला स्कॅनर नेमकं काय करतो?

सालेकसा असो वा देवरी, ‘आपले सरकार’वर दाखल्याचा अर्ज भरताना घोडं बऱ्याचदा फोटोपाशीच अडतं. तो 160 बाय 200 पिक्सेल आणि 5 ते 20 केबीचा हवा. मोबाइलचा फोटो सहज 2-3 एमबीचा. मग आपण फोटो लहान करणारी कुठलीही वेबसाइट शोधतो आणि फोटोच्या जोडीने आधार, सातबाराही अनोळखी सर्व्हरवर चढवून बसतो.

खरं तर फोटो कापणं-लहान करणं आणि कागद स्कॅन करणं, दोन्ही सोयी अ‍ॅपमध्येच देता येतात. स्कॅनर कागदाच्या चार कडा ओळखतो, तिरका कागद सरळ करतो, सावली पुसतो. अ‍ॅपलने 2019 मध्ये आयओएस 13 सोबत आणि गूगलने 2024 मध्ये एमएल किटमधून असा तयार स्कॅनर अ‍ॅप बनवणाऱ्यांना दिला. गूगलच्या स्कॅनरचं काम फोनवरच होतं. अ‍ॅपला कॅमेऱ्याची परवानगीसुद्धा मागावी लागत नाही. फोनमध्ये किमान 1.7 जीबी रॅम मात्र हवी.

आणि हो, काळा-पांढरा फिल्टर जपून वापरा. त्यात कागद स्वच्छ दिसतो, पण तलाठ्याचा फिकट निळा शिक्का कधीकधी गायब होतो.