माळवदाची ऊब : हुमनाबादकडच्या घरांचा हिवाळा

हुमनाबादचा हिवाळा तो काय, असं बाहेरून आलेला पाहुणा हसून म्हणतो. पंधराव्या शतकात बिदरला येऊन राहिलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन तर आपल्या प्रवासवर्णनात पावसाळ्यालाच इथला ‘हिवाळा’ म्हणून मोकळा झाला. त्वेरच्या बर्फातून आलेल्या माणसाला आपली पौषातली थंडी मोजावीशी वाटली नसेल, तर नवल नाही. पण 5 जानेवारी 1901 रोजी बिदरला पारा 2.9 अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. धोतर आणि उपरण्यावर दिवस काढणाऱ्याला ती रात्र कशी गेली असेल, याचा विचार करावा.

एरवी आपल्याकडची थंडी रात्रीची. हुमनाबाद समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 फूट उंचीवरच्या पठारावर. डिसेंबरात आभाळ निरभ्र, हवा कोरडी. दुपारी 27-28 अंश, अंगात सदरा नको वाटतो. पहाटे तेच 15-16 वर येतं, कधी त्याच्याही खाली. म्हणजे घराला चोवीस तास विस्तव नको असतो, दुपारचं ऊन पहाटेपर्यंत पुरवता आलं तरी भागतं. आपल्या जुन्या घरांची सगळी रचना याच हिशेबावर उभी होती. ऊब ही धान्यासारखी साठवायची वस्तू होती, हे या टिपणातून दाखवायचं आहे.

सुरुवात माळवदापासून करू. कानडीत ‘माळगी’ म्हणतात ते हेच. 1956 पर्यंत उदगीर, निलंगा हे तालुकेही आपल्याच बिदर जिल्ह्यात होते. राज्यांची वाटणी झाली, पण घराची वाटणी झाली नाही. तिकडचं माळवद आणि इकडचं माळवद एकच. दगड-मातीच्या दोन-दोन, अडीच-अडीच फुटी भिंती. लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर आडवी बारकी लाकडं, वर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. खिडक्या नावाला. उजेड यायला आणि धूर जायला छताला ठेवलेलं भोक, म्हणजे साणं. जाड भिंत तापायला वेळ घेते तशी निवायलाही घेते. म्हणून उन्हाळ्यात गार वाटणारं तेच घर थंडीत उबदार लागायचं. दाराशी बांधलेली जनावरं, मागच्या चुलीचा निखारा आणि एका खोलीत निजणारी आठ-दहा माणसं, यांची ऊब त्यात भर घालायची.

विस्तवाची तजवीजही आधीपासून. गोवऱ्या वर्षभर थापून रचलेल्या. तुरीचं रान झोडपलं की तुराट्यांचे भारे घरामागं यायचे. कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते तिच्या डाळीसाठी, पण आपल्या आज्यांच्या लेखी तूर म्हणजे डाळ जेवढी, तेवढंच जळण. मार्गशीर्ष अमावास्येची येळवस झाली की अंगणातल्या आगटीभोवती माणसं जमायची. “थंडी लई पडायलीय, बसा की जरा,” एवढ्या आमंत्रणावर शेजारी यायचा. मराठी, कानडी, दखनी, तिन्ही भाषा त्या एका आगटीवर शेकायच्या.

पांघरुणातही हेच. काळ्या दख्खनी मेंढीची लोकर कातरायची, सूत काढायचं, मागावर पट्टे विणून ते जोडायचे आणि चिंचोक्याची खळ लावून घोंगडी कडक करायची. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल शोषूनही अंगाला ओली लागत नाही. म्हणून राखणीला जाणारा गडी दव पडलेल्या रानात घोंगडी घेऊनच निजायचा. घरात वाकळ, कानडीत कौदी. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालून धावदोऱ्यानं शिवलेली. नव्या कपड्याला पैसा लागतो, वाकळेला दुपारी लागतात. आणि दिवाळीच्या सुमारास पिंजारी गल्लीत शिरला, की त्याच्या धनुकलीचा टणत्कार ऐकूनच पोरांना कळायचं, हिवाळा आला. दबलेला कापूस पिंजला की फुलतो, त्यात हवा अडकते, आणि गादी-रजई पुन्हा उबदार होते.

इथपर्यंतचं वाचून कुणालाही वाटेल, जुनं ते सोनं. पण माळवदाची गोष्ट इथं संपत नाही.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं घरात निजलेली. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. हुमनाबादपासून सरळ रेषेत हे अंतर 70 किलोमीटरच्या आतबाहेर. हजारो माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक आपल्याच घराखाली गेली. ज्या भिंतीनं आणि ज्या छतानं पिढ्यान्‌पिढ्या ऊब दिली, तेच अंगावर आलं.

याचं कारण घराच्या सांभाळण्यातच दडलेलं होतं. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी दरसाल वर नवी माती टाकायची. जुनी कोणी काढत नसे. थरावर थर चढत गेला, कुठं हातभर, कुठं दीड-दोन हात. जेवढी माती जास्त तेवढं घर थंडीला चांगलं, आणि तेवढंच जड. भिंतीही दिसायला एकजीव, आतून दोन पदरी. बाहेरचे दगड वेगळे, आतले वेगळे, मध्ये माती-गोटे. दोन्ही पदरांना आरपार बांधून ठेवणारे दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. जमीन हलली तेव्हा पदर सुटले आणि छत खाली बसलं.

नंतर जाणकारांनी जे सांगितलं, त्यात माळवद पाडाच असं नव्हतं. छतावरची जादा माती उतरवा, भिंतीत आरपार दगड बसवा, खांब-तुळयांना तिरपे आधार द्या, भिंतीभोवती काँक्रीटचा पट्टा बांधा, असं होतं. पण ज्यानं ती पहाट पाहिली किंवा ऐकली, त्याचा मातीवरचा विश्वास उडाला. आपल्याकडेही पत्रे आले, स्लॅब आले. पातळ पत्रा रात्री आभाळाखाली भराभर निवतो. खाली निजणाऱ्याला पहाटे दोन रग लागतात. तरी तो निर्धास्त झोपतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

म्हणून ‘माळवदं वाचवा’ अशी सरसकट हाक देणं या टिपणाला जमणार नाही. विनंती दोनच आहेत. ज्यांच्या माळवदात अजून माणसं राहतात, त्यांनी वर किती हात माती साचलीय ते यंदाच्या उन्हाळ्यात बघावं, आणि जाणत्या गवंड्याकडून भार कमी करून घ्यावा. आणि ज्यांचं घर उतरवायचं ठरलंच आहे, त्यांनी आधी टेप धरून भिंतीची जाडी, मातीचे थर, खण, साणं यांची मापं लिहून ठेवावीत, फोटो काढावेत. घरातल्या जुन्या माणसाला प्रत्येक भागाचं नाव विचारावं, मराठीतलं, कानडीतलं, दखनीतलं. हुमनाबादच्या माणसांनी थंडीत घर कसं उबदार ठेवलं, याचा दस्तऐवज त्या भिंतीतच आहे. ट्रॅक्टरमध्ये माती भरली की तो गेला.