केडगावचा पहारा

दौंड तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचा विषय निघाला की बोलणं धर्मांतरावरच जाई. तो वाद आपल्या जागी. पण रमाबाईंनी १८९७ साली ओळखलेलं दुखणं त्यात झाकलं गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या सालच्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. सरकारी छावण्यांत अन्न होतं, पण निराधार पोरींवर वाईट नजरेची माणसं टपलेली होती. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आणि बहीण १८७४च्या सुमारास दुष्काळातच गेले. पुढे भावाबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. अन्न मागत फिरणाऱ्या तरुण मुलीचं भय त्यांना कुणी समजावायला नको होतं.

त्यांनी सुमारे ३०० मुली-बायका आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या घातल्या. कित्येकींचा नुसता सापळा उरला होता. अशा पोटाला एकदम भरपेट वाढलं तर माणूस दगावतो. पेजेपासून चढत जावं लागतं. ते दिवस निभावणाऱ्या बायकांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत.

रमाबाईंनी सांभाळलेली एक मुलगी पुण्यात प्लेगच्या इस्पितळात गेली आणि परत हाती लागली नाही. मे १८९७मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड लिहिलं: तिथे बायका सुरक्षित नाहीत. सरकारने आरोप फेटाळले, विषय विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. औषध आणि अब्रू ही दोन खाती नाहीत, हे इतक्या स्पष्टपणे तेव्हा कोण बोललं होतं? युद्धातून पळालेल्या बायकांच्या छावण्यांत आज संडासाला आतून कडी आणि वाटेवर दिवा हवा, असा जगभर मानला जाणारा निकष आहे.

१९००च्या दुष्काळात गुजरातेतून बायका आल्या. मुक्तीत सुमारे २००० जणी झाल्या. विहिरी, माग, छापखाना, सगळं त्यांच्याच हातांनी चाले.

ते दुखणं आजही इथे आहे. पाटसला साखर कारखान्यासाठी ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, न्हाणीला आडोसा नसतो, म्हणून बायका पहाटे अंधारात साडी धरून अंघोळ उरकतात. पाळीच्या दिवसांतही कोयता थांबत नाही. खाडा झाला की पैसे कापतात. माझ्या रजिस्टरात लसीचे, वजनाचे, बाळंतपणाचे रकाने होते. आडोशाचा रकाना नव्हता, म्हणून ते मी टोळीच्या मुकादमाला तोंडी सांगायची. एकाने उसाच्या पाचटाची भिंत उभी करून दिली.