कोलासूर व सातबहिणी

कोलासूर व सातबहिणी : गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध तलावाची लोकदैवते. कोलासूर हा मुळात माणूस, तलाव बांधणारा कोलू पाटील कोहळी. सातबहिणी या तलावाला वेढून असलेल्या सात डोंगरांच्या देवता. अडचणीत देवावर भार टाकायचा तो कसा, याचे झाडीपट्टीतले (पूर्व विदर्भाच्या जंगलभागातले) एक जुने उत्तर या दैवतांच्या कथेत आहे.

कथा : कोलू पाटलाने अठराव्या शतकाच्या आरंभी डोंगरांमधल्या खिंडी मातीच्या पाळीने बुजवून हा तलाव केला, असे मानतात. पाळ काही केल्या पुरी होईना, घातलेले काम टिकेना. अखेर त्याने सातबहिणींना साकडे घातले. वर्षातून एकदा आमची पूजा करशील तर मदत करू, असे त्या म्हणाल्या. त्याने कबूल केले आणि पाळ उभी राहिली. पुढे लोकांनी कोलूलाही देव केले. त्याचे ठाणे याच डोंगरांपैकी एकाच्या माथ्यावर आहे. हा भाग पूर्वी भंडारा जिल्ह्यात होता (गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला), त्यामुळे कथेची जुनी छापील नोंद १९०८ च्या भंडारा जिल्हा गॅझेटियरमध्ये मिळते.

मातीच्या बांधाचे काम जाणणाऱ्याला या कथेत नवल वाटण्याचे कारण नाही. पाळ दोन्ही अंगांनी पुढे सरकते तशी मधली वाट अरुंद होत जाते आणि तेवढ्या जागेतून पाण्याचा जोर वाढतो. शेवटची फट एका उन्हाळ्यात बुजली नाही, तर मृगाचा पहिला लोंढा सगळी मेहनत घेऊन जातो. गडी, पाट्या, बैल सगळे असूनही जिथे माणसाचा इलाज संपतो ती हीच जागा. पाटलाने देवींना हाक मारली तीही इथेच, आरंभी मारली नव्हती. देवींनीही तलाव आयता दिला नाही; माती पाटलाच्याच माणसांनी वाहिली. आणि मदत फुकटची नव्हती. दरसालची पूजा हा करार होता, आणि वर्षातून एकदा डोंगरापर्यंत जायचे म्हणजे पाळीवरूनही एक नजर फिरतेच. नवसाला व्यवहार म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्रात इतरत्र विहिरी, डोह, नदीकाठ अशा ठिकाणी सातीआसरा पूजल्या जातात. त्यांचा धाक मोठा. बाया-लेकरांना त्या झपाटतात अशी समजूत आहे. नवेगावच्या सातबहिणी त्यांच्याच गोतातल्या वाटतात, पण कथेत त्या पाण्यात ओढणाऱ्या नाहीत, पाणी धरून ठेवणाऱ्या आहेत.

शेती आणि भरवसा : या मुलखात पाऊस कमी पडतो असे नाही, तो वेळेवर पडेल याची हमी नाही. पऱ्हे (धानाची रोपे) तयार असतात, रोवणीसाठी मजूर सांगून ठेवलेले असतात, आणि पंधरा-वीस दिवस उघडीप पडते. बांधीतला (धानाच्या शेतातला) चिखल वाळून भेगा दिसू लागतात. रोवणी साधली तरी दुसरी कसोटी हस्त नक्षत्रात लागते. धान निसवण्याच्या वेळी पाणी तुटले की लोंबीत दाणा भरत नाही. अशा वेळी तलावाचे तुडुम (पाणी सोडण्याचे दार) उघडतात आणि पाटाने पाणी बांध्यांत येते. जास्तीचे पाणी निघून जायला सलंग असते. तुडुम आणि सलंग ही दोन्ही जागेवर असली, तरच गावाने मातामायला (ग्रामदेवीला) नारळ फोडून निवांत झोपावे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत हा मुलूख ज्यात होता तो मध्य प्रांत होरपळला, तेव्हा तलावांची डागडुजी हेही पोट भरण्याचे एक काम ठरले होते.

कोहळी समाजाची तलाव बांधण्याची ख्याती वैनगंगेच्या खोऱ्यात सर्वत्र आहे. चांद्याच्या (चंद्रपूरच्या) गोंड राजाने काशीयात्रेहून येताना त्यांना सोबत आणले, अशी त्यांच्यात परंपरा सांगतात. तलाव बांधणाऱ्याला त्याखाली भिजणारी जमीन सवलतीने देण्याची गोंड राजांची पद्धत होती. श्रद्धेला असा जमिनीचा आधार असल्याने ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, असे म्हणायला हरकत नाही.

परिसरातील इतर श्रद्धास्थाने : याच तालुक्यात प्रतापगड येथे महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. गावोगावचे पोहे (भाविकांचे जथे) महादेवाच्या भेटीला येतात आणि त्याच दिवसांत ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या दर्ग्यावर उर्स असतो. नवस बोलायला आलेला माणूस दोन्हीकडे माथा टेकवून जातो. प्रतापगडाजवळच गोठणगाव परिसरात १९७२ मध्ये नॉरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. बौद्ध धर्मात सृष्टी चालवणारा ईश्वर नाही, शरण जाणे मात्र आहे. घर, देश गमावून आलेल्या या लोकांनी बुद्ध, धम्म आणि संघाच्या शरणाबरोबर इथली धानशेतीही धरली.

आजची स्थिती : १९५१ मध्ये मालगुजारी (गावच्या जमीनदारीची पद्धत) गेली आणि गावतलाव सरकारजमा झाले. पूर्व विदर्भात अशा माजी मालगुजारी तलावांची, बोलीत मामा तलावांची, संख्या साडेसहा हजारांच्या वर धरतात. मालक गेला तशी दरसालची देखभालही बऱ्याच ठिकाणी गेली. पोटात गाळ साचला, काठाने बेशरम हे तण माजले. नवेगाव बांधचा तलाव मोठा असल्याने आणि भोवतीचे जंगल १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्याने त्याची गोष्ट वेगळी. पाणपक्ष्यांमुळे आणि मारुती चितमपल्ली यांच्या ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकामुळे तो महाराष्ट्रभर ओळखीचा झाला. लहान तलावांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. त्यांच्यासाठी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर मासेमारांबरोबर काम केले: बेशरम उपटणे, तळ नांगरणे, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणे आणि देशी मासे परत आणणे. कुठली वनस्पती किती पाण्यात रुजते आणि कोणता मासा तिच्या आसऱ्याने अंडी घालतो, हे ज्ञान ढिवरांकडचेच होते. तळ्यात उतरून रोपे लावण्याच्या कामात ढिवर बायका पुढे राहिल्या.