शुभेच्छापत्र, ठसांकित

रबर, प्लास्टिकसदृश पारदर्शक द्रव्य किंवा लाकूड यांवर उठावाने सिद्ध केलेल्या आकृतीस शाई लावून तिचा ठसा जाड कागदावर हाताने उमटविणे, त्या ठशाच्या रेषांत रंग भरणे, आणि घडी घातलेला तो कागद वाढदिवस, विवाह, निवृत्ती वा सण यांच्या निमित्ताने एका विशिष्ट व्यक्तीकडे रवाना करणे, या उद्योगातून जे पत्र तयार होते त्यास ठसांकित शुभेच्छापत्र म्हणतात. ‘मुद्रांकित’ हा शब्द खरेदीखताच्या कागदाची आठवण करून देणारा असल्याने प्रस्तुत नोंदीत तो वापरलेला नाही. शिक्का हे मुळात शंभर कागद एकसारखे करण्याचे कचेरीचे साधन. तेच येथे एकच कागद इतरांहून वेगळा करण्याच्या कामी लावलेले असते, आणि या कलेतील बहुतेक युक्त्यांचा उगम याच विसंगतीत आहे.

इतिहास

इंग्लंडात १८४० साली एका पेनीत पत्र पोचविण्याची व्यवस्था सुरू झाली. त्या सुधारणेच्या खटपटीत ज्यांचा हात होता त्या हेन्री कोल यांनी, नाताळातील पत्रांना एकेक उत्तर लिहिण्याचे श्रम वाचावेत म्हणून, १८४३ मध्ये जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले आणि त्याच्या सुमारे १,००० प्रती शिळाछापावर काढविल्या. एका कार्डाची किंमत एक शिलिंग होती. मध्यभागी मद्याचे पेले उंचावलेले कुटुंब असून त्यात लहान मूलही सामील दाखविल्यामुळे मद्यपाननिषेधकांनी त्यावर टीका केली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळीच आहे : त्या कार्डावरील रेषा तेवढ्या छापलेल्या होत्या आणि रंग मागाहून हाताने भरलेले होते. बाह्यरेषा यंत्राची व रंग हाताचा, ही श्रमविभागणी आजचा ठसेकारही तशीच पाळतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथे एस्थर हाउलंड या तरुणीने १८४० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडहून आणविलेला जाळीदार कागद, रंगीत चित्रे व कागदाचे थर एकावर एक चिकटवून प्रेमपत्रिका बनविण्याचा धंदा मांडला व त्यासाठी स्त्रियांची एक फळीच कामाला बसविली. थरांच्या कार्डांची परंपरा येथून मोजण्याचा प्रघात आहे. १८७० च्या दशकात बोस्टनच्या लुई प्रँग यांनी बहुरंगी शिळाछापाने हा धंदा कारखान्यात नेला, आणि त्यानंतर हस्तनिर्मित कार्ड ही गरज न राहता हौस झाली.

रबरी शिक्का : उत्पत्ती व घडण

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट व थंडीत ठिसूळ होत असल्यामुळे त्याचा टिकाऊ ठसा करणे अशक्य होते. गंधकासह तापविल्याने हा दोष जातो हे चार्ल्स गुडइयर यांना अमेरिकेत १८३९ मध्ये आढळले. त्यांची सनद १८४४ ची आहे. इंग्लंडात टॉमस हँकॉक यांनी तत्पूर्वीच अर्ज केला होता व त्यावरून उभय पक्षांत कज्जे झाले. पहिला रबरी शिक्का कोणी केला याविषयीही दोन दावे प्रचलित आहेत. इलिनॉय राज्यातील नॉक्सव्हिल येथील एल. एफ. विदरेल आणि न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथील जेम्स ऑर्टन वुडरफ हे ते दोन दावेदार असून दोघांचाही काळ १८६० च्या दशकाच्या मध्याचा आहे. तेव्हा निर्णायक विधान न करणे उचित. आरंभीच्या शिक्केवाल्यांनी दंतवैद्यांची भांडी वापरली हे मात्र सर्वमान्य आहे. कृत्रिम दातांच्या हिरड्या त्या काळी रबराच्या करीत, त्यामुळे रबर दाबाखाली तापविण्याचे छोटे पात्र दंतवैद्याकडे आयतेच असे.

शिक्क्याची घडण पुढीलप्रमाणे होते. मूळ आकृती धातूच्या पत्र्यावर उठावाने कोरून घेतात. तापत्या दाबयंत्रात तो पत्रा रेझिनयुक्त पुठ्ठ्यावर दाबून खोलगट साचा काढतात. साच्यावर कच्च्या रबराची लादी ठेवून सुमारे १५० अंश सेल्सिअस उष्णतेत आठदहा मिनिटे दाबतात. साच्यातून सोललेल्या लादीवर सर्व आकृत्या उलट्या व उठावदार उमटलेल्या असतात. त्या कातरून, मागे मऊ फोमचा थर देऊन, लाकडी ठोकळ्यावर बसवितात. हा फोमचा थर क्षुल्लक वाटला तरी ठशाची अर्धी प्रतिष्ठा त्यावर अवलंबून असते, कारण हाताचा दाब कधीच सारखा नसतो आणि तो सारखा करण्याचे काम ही उशीच करते. अलीकडे द्रवरूप रेझिनवर निगेटिव्हमधून अतिनील प्रकाश टाकून पारदर्शक ठसे करतात. ते ॲक्रिलिकच्या ठोकळ्यास आपोआप चिकटतात व आरपार दिसत असल्याने नेमकी जागा साधते. मात्र कोऱ्या पारदर्शक ठशावर शाईचे थेंब होऊन ती पसरत नाही, म्हणून त्याच्या तोंडावरून प्रथम खोडरबर हलकेच फिरवून घेण्याचा शिरस्ता आहे.

कचेरीच्या शिक्क्यांचा कलेत उपयोग कुर्ट श्विटर्स यांनी जर्मनीतील हॅनोव्हर येथे १९१९ च्या सुमारास केला. अमेरिकेत ‘द रबर स्टॅम्प अल्बम’ हे पुस्तक १९७८ मध्ये निघाले, आणि १९८८ मध्ये दोघी बहिणींनी काढलेल्या ‘स्टॅम्पिन अप’ या कंपनीने घरोघरच्या बैठकींत प्रात्यक्षिक दाखवून ठसे विकण्याची पद्धत रूढ केली. त्यायोगे हा छंद शेजारणीशेजारणींत पसरला.

ठसा घेण्याची रीत

शिक्का गादीवर आपटणे ही कचेरीची सवय होय. कार्डाच्या कामी ती सोडावी लागते. ठसा उताणा धरून त्याच्या तोंडावर शाईची गादी हलकेच थापटतात, म्हणजे शाई उठावावरच राहते व खळग्यात शिरत नाही. नंतर ठसा सरळ खाली टेकवून, न डोलविता, सर्व बाजूंनी सारखा दाबून तसाच सरळ उचलतात. डोलविल्यास रबराची कड कागदाला लागून आकृतीभोवती काळी झालर उमटते. एका आकृतीमागे दुसरी असल्याचा भास हवा असल्यास पुढील आकृतीचा ठसा पातळ कागदावर घेऊन, कातरून, तो मूळ ठशावर झाकण म्हणून ठेवतात आणि दुसरा ठसा अर्धा झाकणावर व अर्धा कार्डावर घेतात. झाकण उचलले की होडीमागे डोंगर उभा राहतो.

शाई व उठाव

रंगद्रावणाची शाई कागदात मुरते व लवकर वाळते. रंगकणांची शाई कागदाच्या पृष्ठावर बसते व सावकाश वाळते. ठशात रंग कशाने भरावयाचा यावर शाईची निवड ठरते. जलरंग असेल तर रेषा पाण्याने न फुटणारी हवी. अल्कोहोलचे मार्कर असतील तर सॉल्व्हंटची शाई टाळावी, कारण मार्करमधील अल्कोहोल ती विरघळविते आणि काळी रेषा गुलाबी गालावर ओघळते.

उष्णतेने उठाव देण्याची क्रिया या कलेतील सर्वांत प्रेक्षणीय म्हणावी लागेल. कागदावरील विद्युत्‌भार व हाताचा ओलावा घालविण्यासाठी शंखजिऱ्याच्या भुकटीची पुरचुंडी त्यावरून एकदा फिरवितात. सावकाश वाळणाऱ्या शाईचा ठसा घेऊन ओल्यावरच रेझिनची बारीक पूड भुरभुरवितात. कागद उभा करून मागून टिचकी मारताच जादा पूड खाली ठेवलेल्या घडीच्या कागदावर पडते व तेथून पुन्हा बरणीत जाते. मग गरम हवेची बंदूक दोनेक इंचांवर धरली असता काही क्षण काहीच घडत नाही. मग एका कोपऱ्यातील पुडीचा खरखरीतपणा एकाएकी विरघळून तिला चकाकी येते, आणि ती चकाकी रेषेरेषेने पुढे सरकत जाते. बंदूक तिच्यामागोमाग नेणे हेच कौशल्य. अधिक वेळ तापविल्यास वितळलेली पूड कागदात जिरून तेलकट डाग राहतो. केस वाळविण्याचे यंत्र येथे चालत नाही; त्याची हवा पूड उडविते, वितळवीत नाही.

कागद व घडी

कार्डाच्या पायासाठी दर चौरस मीटरला २२० ते ३०० ग्रॅम वजनाचा कागद घेतात. अमेरिकेत साडेआठ गुणिले अकरा इंचांचा ताव अर्धा करून दुमडल्यावर सव्वाचार गुणिले साडेपाच इंचांचे कार्ड मिळते. आपल्याकडील ए-४ ताव अर्धा करून दुमडल्यास १०५ गुणिले १४८ मिलिमीटरचे. कागदाचे तंतू ज्या दिशेने वाहतात त्या दिशेने घडी स्वच्छ पडते, आडवी घातल्यास ती फाटून पांढरी कड दिसते. दिशा ओळखण्यासाठी ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो मुकाट्याने वाकतो ती तंतूंची दिशा. घडीच्या जागी आधी हाडाच्या पट्टीने खाच पाडून, उलट बाजूस आलेला उंचवटा आत राहील अशी घडी घालतात.

फिती, मणी व चमकी यांचा तपशील येथे देण्याचे कारण नाही.

पुरुषांसाठीची कार्डे

बाजारातील ठशांत फुले, फुलपाखरे व वेलबुट्टी यांचा भरणा असल्याने वडील, भाऊ, सासरे वा कचेरीतील वरिष्ठ यांच्यासाठी कार्ड करताना अडचण पडते, ही या छंदातील जुनी तक्रार आहे. पुरुषांना फुले आवडत नाहीत हे गृहीत कितपत खरे याबद्दल मतभेद संभवतात. रूढ उपाय दोन. पहिला, विषय बदलणे : नांगर, शिडाची होडी, मासेमारीचा गळ, जुनी मोटार, दातेरी चक्रे, सुताराची हत्यारे. दुसरा, व अधिक टिकाऊ, अलंकार कमी करणे : गडद निळा, तपकिरी, करडा असे दोनच रंग, भौमितिक पट्टे, मोकळी जागा आणि ठळक अक्षरांतील चार शब्दांचा मजकूर. पहिल्या उपायाने केलेले कार्ड कोणत्याही वडिलांना चालते, हाच त्याचा दोष. ज्यांनी जन्मात गळ टाकला नाही अशांनाही मासा पाठविला जातो.

या वर्गातील सदऱ्याचे कार्ड विशेष प्रसिद्ध आहे. एकाच पट्ट्यांच्या ठशाने पांढऱ्या कागदावर आधी उभे व तोच ठसा काटकोनात फिरवून आडवे पट्टे उमटविले की चौकडीचे कापड होते. डावीकडे घडी असलेल्या कार्डाच्या मागील पानाची वरची १३ मिलिमीटरची पट्टी कापून टाकतात. पुढील पानावर तितक्याच अंतरावर दोन्ही कडांपासून आत ४० मिलिमीटरपर्यंत आडवे छेद देतात, म्हणजे मधे २५ मिलिमीटर कागद अखंड राहतो. मोकळे झालेले दोन पंख तिरपे पुढे दुमडून मध्यावर आणले की कॉलर तयार होते. ठसे कागदाच्या एकाच बाजूस असल्याने पंखांची उलटी, कोरी बाजू वर येते, आणि चौकडीच्या सदऱ्यास कोणतेही श्रम न करता पांढरी कॉलर लाभते. कॉलरखाली टाय चिकटवावा. टाय न लावणाऱ्यांसाठी खिसा व त्यातून डोकावणारी पेनाची टोपी पुरेशी होते.

प्रसंग

पितृदिन अमेरिकेत स्पोकेन येथे सोनोरा स्मार्ट डॉड यांच्या प्रयत्नाने १९ जून १९१० रोजी प्रथम साजरा झाला. जूनच्या तिसऱ्या रविवारास कायद्याची मान्यता १९७२ मध्ये मिळाली. महाराष्ट्रात भाऊबीज, मुंज, षष्ट्यब्दिपूर्ती व सहस्रचंद्रदर्शन हे प्रसंग या कलेस अनुकूल आहेत. पैकी शेवटच्यासाठी एकच वाटोळा ठसा पुन्हा शाई न लावता ओळीने उमटवीत गेल्यास पूर्ण चंद्रापासून पुसट चंद्रापर्यंतच्या छटा आपोआप मिळतात.

महाराष्ट्रातील संबंध

शाळेतील चित्रकलेच्या तासाला आडव्या चिरलेल्या भेंडीचा ठसा रंगात बुडवून पाच पाकळ्यांची फुले उमटविणे, तसेच बटाट्यावर अक्षरे कोरून ती उलटी कोरावयास विसरणे, हा अनुभव सार्वत्रिक आहे. संक्रांतीला भेटकार्डाच्या पाकिटात हलव्याचे चार दाणे घालून, तोंड न चिकटविता, ते बुकपोस्टाने धाडण्याची चाल होती. जुन्नर व दौलताबाद येथील हातकागद पूर्वी दफ्तरांतून प्रसिद्ध होता. पुण्यात हातकागद संस्था १९४० मध्ये निघाली. हातकागदाच्या मोकळ्या पोतात शाई पसरून बारीक रेषा फुटतात, म्हणून त्यावर ठसा घेताना खळ लावून घोटलेला ताव निवडावा व आकृती ठळक घ्यावी.

अर्थव्यवहार

साहित्याचा खर्च पाहता घरी केलेले कार्ड विकतच्या कार्डापेक्षा स्वस्त पडतेच असे नाही.

कार्डाची पाठ

मराठेशाहीतील पत्रांत माथ्यावर शिक्का असे आणि शेवटी, लेखन जेथे संपले तेथे, मोर्तब असे, जेणेकरून त्याखाली परक्या हाताने एक अक्षरही घालता येऊ नये. ठसांकित कार्डाच्या पाठीवरही खालच्या बाजूस एक लहान ठसा मारण्याची पद्धत पाश्चात्य ठसेकारांत आढळते. ‘हाताने केले’ अशा अर्थाचे शब्द त्यात असतात आणि पुढे एक कोरी रेघ. त्या रेघेवर नाव मात्र शिक्क्याने घालीत नाहीत. ते पेनाने लिहितात.